शिक्क्याआधीचं प्लॅस्टिक

मी लॅमिनेशनचं मशीन. कागदाला प्लॅस्टिकचं कातडं चढवणारा. तुमच्या पाकिटातलं ओळखपत्र, दुकानातला परवाना, भिंतीवर टांगलेलं मुलाचं प्रशस्तिपत्र, यांतलं एखादं तरी माझ्या भाऊबंदांपैकी कुणाच्या तरी पोटातून गेलेलं असणारच. म्हणजे आपली ओळख जुनी म्हणायची. तेव्हा जरा बसा. मला मान नाही. असती तर ती खाली घालूनच पुढचं बोललो असतो.

माझा जन्म कारखान्यातला. चार रोलर, एक मोटार आणि दोन दिवे. लाल दिवा म्हणजे थांबा, अजून तापतोय. हिरवा म्हणजे या. तपासणीवरच्या बाईंनी माझ्यातून एक कोरा कागद काढला, उजेडाकडे धरला, एकही बुडबुडा नाही असं बघून माझ्या पाठीवर थाप मारली. जन्मातलं पहिलं कौतुक. बुडबुडा येऊ द्यायचा नाही, हेच आपलं काम, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. आपलं काम काय, हे ठरवायची इतकी घाई करू नये. पण ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

मला विकत घेतलं वकिलांनी. कोर्टातले वकील नव्हेत. सातवीत शाळा सुटली आणि पुढचं सगळं शिक्षण अर्ज विकता विकता झालं, असा हा माणूस. कुठल्या अर्जाला कुठला दाखला जोडायचा, कुठल्या खिडकीवरचे साहेब चहाआधी चिडतात आणि चहानंतर विरघळतात, हे सगळं तोंडपाठ. म्हणून गल्लीनं त्यांना वकील करून टाकलं, आणि त्यांच्या बायकोला ओघानंच वकिलीणबाई. दुकान म्हणाल तर एक काउंटर, दोन स्टुलं, झेरॉक्सचं मशीन आणि मी. दारावर कचेरीनं दिलेली निळी पाटी: ‘अधिकृत अर्ज केंद्र’. ती पाटी वकील रोज सकाळी स्वतः पुसत. झेरॉक्सवरची धूळ महिनामहिना तशीच असे, पण पाटीवर माशी बसलेली त्यांना खपत नसे.

दिवस मजेत जात होते. नाना तऱ्हेची माणसं यायची. एका ट्रकवाल्यानं मुलाची नापास झाल्याची गुणपत्रिका लॅमिनेट करून नेली. का, तर म्हणे पोरगं पास झालं की हीच दाखवून त्याला चिडवायचं आहे. एका आजोबांनी बायकोच्या हातची किराण्याची यादी आणली होती. डाळ, साबण, काडेपेटी. बायको जाऊन महिना झाला होता. वकिलांनी यादी माझ्यात सरकवली आणि पैसे घेतले नाहीत. आमचे वकील असे होते. फुकट काही देताना त्यांचा चेहरा खुलायचा, आणि दुकानात चार माणसं असली तर जरा जास्तच खुलायचा.

मला एक खोड होती. अधूनमधून मी अडकायचो. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि मोटार नुसती कण्हत राहायची. एका खानावळीचा पदार्थांचा तक्ता मी असा चघळून टाकला होता की मालकाला ‘भाजी’ एवढंच वाचता येत होतं. वकील म्हणायचे, याला मूड लागतो. खरं सांगायचं तर तीच माझ्या हातातली एकुलती एक गोष्ट होती. मला बोलता येत नाही, हात धरता येत नाही. पण अडकता येतं. हे लक्षात ठेवा. मी मात्र नेमका त्या दिवशी विसरलो.

झालं असं. कमी मिळकतीच्या घरांतल्या मुलांसाठी सरकारनं आरोग्य विमा काढला. हप्ता सरकार भरणार, आणि मुलाच्या नावाचं कार्ड दाखवलं की मोठ्या हॉस्पिटलात तपासणी, औषधं, ऑपरेशन, सगळं त्या विम्यातून. एक दाखला आणि दोन अर्ज केले की जाड कागदाचं पिवळं कार्ड हातात पडायचं. पुढच्या बाजूला फोटो आणि नंबर. मागच्या बाजूला चौकोन आखलेले, दर वर्षासाठी एक. कार्ड मिळाल्यावर आठवड्यानं कचेरीत जायचं, कागदपत्रं पडताळून झालेली असायची, मग पहिल्या चौकोनात शिक्का बसायचा. त्या शिक्क्याशिवाय कार्ड म्हणजे नुसता पिवळा कागद.

कचेरीतल्या शिक्केवाल्या बाई एकदा स्वतःचं ओळखपत्र घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी वकिलांना बजावून सांगितलं, की मुलांची ही कार्डं शिक्का व्हायच्या आत प्लॅस्टिकमध्ये घालू नका, शाई धरत नाही. वकील तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला वारसाचा अर्ज समजावत होते. ते म्हणाले, “बाई, हे तुम्ही मला सांगायचं?” आणि पुन्हा वारसाकडे वळले. त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. मीही ऐकलं होतं.

पंधरा दिवसांनी काजबटणवाल्या ताई आल्या. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं पाडायची आणि बटणं लावायची, हे त्यांचं काम. त्यामुळे बोटांची टोकं सुईनं कायम बारीक टोचलेली. नवरा रंगारी. आज या इमारतीच्या परांचीवर, उद्या त्या. सोबत सहा वर्षांची लेक होती. ही पोर बोलायची ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. बाप तिला लाडानं भोंगा म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. शाळेतल्या बाई म्हणत, हिचं लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाही. वर्षभर ती मागच्या बाकावर अंगठे धरून उभी राहिली. मग शाळेत डॉक्टर आले, त्यांनी तिच्या डाव्या कानात बॅटरी धरली, आणि शाळेतल्या बाईंचा चेहरा उतरला म्हणतात. कान आतून सडत चालला होता. आत ज्वारीच्या दाण्याहून बारीक हाडं असतात, तिथवर ती सड पोचायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं होतं. हॉस्पिटलनं तेवीस दिवसांनंतरची तारीख दिली आणि सांगितलं, तारखेला कार्ड घेऊन या.

ताईंना नुसत्या दोन झेरॉक्स हव्या होत्या. एवढंच काम. त्यांनी पदराच्या आतून कार्ड काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवलं. वकिलांना ते बघून भरून आलं. दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती, हेही सांगायला हवं.

ते म्हणाले की एवढं मोलाचं कार्ड असं वर्तमानपत्रात ठेवतात का? घामानं, पाण्यानं आठ दिवसांत लगदा होईल. ताई म्हणाल्या, कचेरीतल्या बाई मागच्या बाजूला शिक्क्याचं काहीतरी म्हणत होत्या.

“शिक्का काय, प्लॅस्टिकवर पण मारतात,” वकील म्हणाले. “द्या इकडे. लेकीचं कार्ड आहे, पैसे राहू देत.”

हिरवा दिवा लागलेला होता. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी माझ्यात सरकवलं. वरचा रोलर तिच्या फोटोवरून फिरला. दोन वेण्या, एक जरा वर, एक खाली. खालचा रोलर मागच्या बाजूवरून फिरला. तिथे चौकोनांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती: शिक्का नसलेले कार्ड ग्राह्य धरले जाणार नाही. अक्षरन् अक्षर माझ्या अंगाखालून गेलं. ज्यानं खानावळीची भाजी चघळली, वाढदिवसाच्या पत्रिका चघळल्या, त्याला तेव्हा दातखीळ बसायला काय हरकत होती? पण वकिलांचा हात प्रेमानं फिरत होता, तिन्ही गिऱ्हाइकं बघत होती, आणि मला कारखान्यातली ती थाप आठवत होती. मी कार्ड असं काढलं की आरशासारखं. एकही बुडबुडा नाही. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम ते.

भोंग्यानं कार्ड उजेडात धरून स्वतःचा फोटो बघितला आणि ती ओरडली, “आई, मी चकाकते.” सगळे हसले.

आठव्या दिवशी ताई परत आल्या. कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन कचेरीत गेल्या होत्या. शिक्केवाल्या बाईंनी एकदा शिक्का मारून बघितला, अंगठ्यानं पुसला, तो पुसला गेला. दुसऱ्यांदा मारायचं त्यांनी नाकारलं. ताईंनी हे सगळं हळू आवाजात सांगितलं, कारण दुकान भरलेलं होतं. पण भरलेल्या दुकानात हळू बोलणं सगळ्यांनाच ऐकू येतं. एका गिऱ्हाइकानं मान वर केली. वकिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“ताई, मी तुम्हाला विचारलं होतं,” ते म्हणाले. “शिक्का झाला का म्हणून.”

विचारलं नव्हतं. उलट ताईंनीच सांगितलं होतं आणि आम्ही उडवून लावलं होतं.

ताईंनी वकिलांकडे बघितलं. मग काउंटरकडे. म्हणाल्या, “असेल. माझ्याच ध्यानात राहिलं नाही.”

माझे रोलर तेव्हा शंभराच्या वर तापलेले होते, पण तेवढी धग मला त्या वाक्याआधी कधी जाणवली नव्हती.

वकिलांनी लगेच धावपळ केली, नाही असं नाही. स्टूल दिलं, पाणी दिलं, प्लॅस्टिक सोडवून देतो म्हणाले. पातीनं कडा कापल्या, वकिलीणबाईंनी घरून इस्त्री आणली, गरम करून करून प्लॅस्टिक सोलायला घेतलं. मी चढवलेलं ते. इतक्या सहज कसं सुटणार? कार्डाची वरची कातडी सोबत घेऊनच ते निघालं. पोरीचा अर्धा चेहरा प्लॅस्टिकला चिकटून आला, अर्धा कागदावर राहिला, आणि नंबर मधोमध फाटला. ताईंनी दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना लावून बघितले, जसं फाटलेल्या बाहीचं कापड जुळतंय का ते बघावं. मग पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत जाऊन सगळं विचारून आल्या. नवं कार्ड मिळणार होतं. घरच्यांच्या हयगयीनं खराब झालं असेल तर चौकशी, त्याला दोन महिने तरी. पण दुकानदाराच्या हातून झालं असेल, आणि त्यानं तसं सहीनिशी लिहून दिलं, तर चार दिवसांत. ऑपरेशनला चौदा दिवस उरले होते. ताईंनी हे वकिलांना सांगितलं. मागितलं असं काही नाही, नुसतं सांगितलं आणि उभ्या राहिल्या.

वकील म्हणाले, बघतो. अशा लिहून देण्याला नीट मसुदा लागतो, घाईत केलं तर परत पाठवतात.

त्या माणसानं आयुष्यात मसुद्यासाठी कुणाला थांबवलेलं नव्हतं. भाडेकराराचा मसुदा ते नाक पुसता पुसता सांगायचे. ताईंची पाठ वळली, आणि त्यांची नजर दारावरच्या पाटीवर गेली. मला तेव्हाच कळलं. आपल्या हातानं लिहून द्यायचं की आपल्याला नियम माहीत नव्हता, तेही कचेरीला, म्हणजे पाटी गेलीच. आणि पाटीबरोबर वकीलही गेले. उरला तो सातवीत शाळा सुटलेला माणूस.

ताई रोज कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत यायच्या. आत येत नसत. दाराशी उभ्या राहायच्या, वकिलांनी बघितलं की विचारायच्या, “झालं का?” वकील म्हणायचे, उद्या. कधी शाई संपलेली, कधी साहेब रजेवर, कधी हा शब्द बसत नाहीये. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मी सत्तावीस ओळखपत्रं, दोन परवाने आणि एका सलूनचा दरफलक लॅमिनेट केला. एकदाही अडकलो नाही. आता अडकून काय होणार होतं?

अकराव्या दिवशी वकिलीणबाई डबा घेऊन आल्या. ताई नुकत्याच ‘उद्या’ ऐकून गेल्या होत्या. वकिलीणबाईंनी डबा काउंटरवर ठेवला, पण उघडला नाही.

“पाटी जाईल म्हणून भिताय ना?” त्या म्हणाल्या. “मग रोज पुसता कशाला? आजच काढून ठेवा आणि सही करा.”

वकील म्हणाले, तुला यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, कान कळतो मला. आणि स्टुलावर बसून राहिल्या. डबा तसाच.

मग वकिलांनी कोरा कागद घेतला. मसुदा पाच मिनिटांत झाला. चार ओळींचाच तर होता. ‘सदर कार्ड माझ्या दुकानात, अर्जदाराने मागणी केलेली नसताना, माझ्याच आग्रहाने लॅमिनेट केले.’ आग्रहाने हा शब्द लिहून ते थांबले, खोडायला गेले, आणि तसाच ठेवला. सही केली, दुकानाला कुलूप लावलं आणि स्वतः कचेरीत गेले.

परत आले ते पार खचून. वकिलीणबाईंना त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं. शिक्केवाल्या बाईंनी कागद पुरता वाचलासुद्धा नाही. रोज असे दोन-चार येतात म्हणाल्या. फाइलीत लावला, नोंद केली, आणि एवढंच विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही आणलंत?” पाटीबद्दल चकार शब्द नाही. पाटी जाणारच नव्हती. अकरा दिवस आम्ही जे राखत बसलो होतो, त्याला कुणी हात लावायला आलंच नव्हतं.

ऑपरेशनला तीन दिवस होते आणि कार्डाला चार लागणार होते. मध्ये एक सुट्टी आली. नवं कार्ड शिक्क्यासह हातात पडलं, तेव्हा तारीख उलटून दोन दिवस झाले होते. रंगारी एक दिवसाचं काम सोडून हॉस्पिटलात हात जोडून आला. त्यांनी वहीत बघितलं आणि पुढची तारीख दिली, साडेतीन महिन्यांनंतरची. विम्यावर येणारी मुलं पुष्कळ, टेबलं तीन.

साडेतीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. विम्यात झालं, एक पैसा लागला नाही, डॉक्टर चांगले होते. सड आणखी आत, डोक्याकडे जाऊ शकली असती, ती त्यांनी थांबवली. पण ती बारीक हाडं गेलेली होती. डावा कान आता ऐकणार नाही. रंगाऱ्यानं डॉक्टरांना विचारलं, आधीच्या तारखेला केलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित वाचलीही असती, कदाचित तेव्हाच गेलेली असतील.

सांगता येत नाही. वकिलांनी हे वाक्य वकिलीणबाईंना चार-पाच वेळा ऐकवलं, आधी दिलासा म्हणून, आणि मग ऐकवणं बंद केलं. नक्की चूक कळली तर माणूस एकदा रडून मोकळा होतो. हे वाक्य मोकळं होऊ देत नाही.

महिन्याभरानं ताई लेकीला घेऊन आल्या. हॉस्पिटलातून घरी सोडल्याच्या कागदाची झेरॉक्स हवी होती, शाळेत द्यायला. पोरीला आता पहिल्या बाकावर बसवणार होते. वकिलांनी झेरॉक्स काढली. ताई म्हणाल्या, तुम्ही लिहून दिलंत म्हणून कार्ड मिळालं, नाहीतर आणखी दोन महिने गेले असते. त्या खरंच आभार मानत होत्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

वकिलांनी कागद पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

“ताई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नव्हतं. शिक्क्याचं.”

“ठाऊक आहे,” ताई म्हणाल्या. “मीच तर सांगत होते तुम्हाला.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत? चारचौघांत मला...”

“तुमच्याकडे काम होतं माझं. भांडून कुणी कधी लिहून देतं का?”

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. काजात बटण घालावं इतक्या सहज म्हणाल्या. वकिलांच्या हातून कागद सुटला. ते पोरीकडे वळले आणि म्हणाले, “काय गं, पहिला बाक का आता?” पोर रस्त्यावरच्या सायकलीकडे बघत राहिली. वकिलांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग त्यांच्या लक्षात आलं, ते तिच्या डाव्या बाजूला होते. आमचे जाडजूड वकील काउंटरची फळी उचलून बाहेर आले, वळसा घालून तिच्या उजवीकडे गेले, गुडघ्यावर बसले आणि पुन्हा तेच विचारलं. ती म्हणाली, “हो काका, पण तिथून खिडकी दिसत नाही.” अजून तशीच मोठ्यानं बोलते. फक्त आता तिला भोंगा कुणी म्हणत नाही.

मी अजून त्याच काउंटरवर आहे. एक रोलर झिजलाय, डाव्या कडेला बुडबुडे येतात, आणि त्याचं मला पूर्वीसारखं वाईट वाटत नाही. मुलांचं पिवळं कार्ड कुणी आणलं तर वकील आधी ते उलटं करून बघतात, चौकोनात शिक्का नसला तर हात जोडून परत देतात, आणि दुकानात माणसं असली तर त्यांच्यासमोर सांगतात, की एकदा माझ्या हातून झालंय. असं सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बसतो. मला वाटतं, बसू दे.

तुमच्याही घरात असं एखादं कार्ड असेल. तुमच्या नाही तर तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या, तुमची भिंत रंगवणाऱ्या माणसाच्या घरात. त्यांना अर्ज भरून देत असाल, सल्ला देत असाल, तर जरूर द्या. पण ते काही सांगायला लागले तर आधी पुरतं ऐकून घ्या. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सही करा. उद्या म्हणू नका.

ती पोर अजून येते, आईबरोबर, कधी पेन्सिल घ्यायला, कधी नुसतीच. काउंटरशी उभी राहिली की मी तिच्या डाव्या हाताला येतो. वकील माझं बटण दाबतात, मी घरघरायला लागतो. माझ्याजवळ तेवढाच एक आवाज आहे. तिची माफी मागायची तर त्यातच मागावी लागते. मी ती दर वेळी मागतो. ती पेन्सिलीचं टोक बघत उभी असते, आणि तिला काही ऐकू येत नाही.